अक्षरगणना आणि मजकुराचे विभाजन : सणसवाडीच्या पत्त्यापासून सातबाऱ्यापर्यंत

मजकुराची लांबी मोजणे आणि एखाद्या चिन्हापाशी त्याचे तुकडे पाडणे, या दोन क्रिया डेटाबेसच्या अभ्यासक्रमात प्रारंभीच शिकवल्या जातात आणि बहुधा तेथेच विसरल्या जातात. त्यांच्यासाठी प्रत्येक प्रणालीत तयार फंक्शने असतात व साध्या इंग्रजी मजकुरावर ती सहसा दगा देत नाहीत. मराठी मजकुरावर मात्र तीच फंक्शने निरनिराळ्या प्रणालींत निरनिराळी उत्तरे देतात; आणि यांतील प्रत्येक उत्तर आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असते. हा विरोधाभास कोठून उद्भवतो व त्यापासून कोणता धोका संभवतो, याचे विवेचन एका गावाच्या नावाच्या आधारे करणे सोयीचे होईल.

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या महामार्गावर कोरेगाव भीमा ओलांडल्यानंतर आणि शिक्रापूर येण्यापूर्वी सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव लागते. मूळचे शेतीचे हे गाव गेल्या काही दशकांत कारखान्यांचे झाले. तेथील कारखान्यांचे पत्ते शेतजमिनीच्या गट क्रमांकानेच लिहिले जातात : प्रथम गट क्रमांक, मग रस्ता, मग सणसवाडी, तालुका, जिल्हा आणि शेवटी ४१२२०८ हा पिनकोड. हे सर्व घटक स्वल्पविरामांनी जोडून पुष्कळदा एकाच रकान्यात ठेवले जातात. पुढे कोणीतरी त्यांतून केवळ तालुका किंवा केवळ गट क्रमांक वेगळा काढू पाहतो, आणि येथेच प्रस्तुत विषयाला आरंभ होतो.

मोजावयाचे काय?

मोजणीचे एकक कोणते, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. व्याकरण वर्ण आणि अक्षर यांत भेद करते. छंदःशास्त्रात काही रचना अक्षरे मोजून होतात, तर काही मात्रा मोजून. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. भुजंगप्रयात वृत्ताच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे असतात. मात्रावृत्तात मात्र लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरतात. म्हणजे 'लांबी किती?' या प्रश्नाला 'कशाची?' हा प्रतिप्रश्न आपल्या परंपरेने पूर्वीच विचारून ठेवला आहे.

'सणसवाडी' या नावात स, ण, स, वा, डी अशी ५ अक्षरे आहेत. लिखित रूपाप्रमाणे त्यातील वर्ण १० होतात, कारण प्रत्येक अक्षरात एक व्यंजन व एक स्वर आहे. मात्रा मोजल्यास पहिल्या तीन लघूंच्या ३ व शेवटच्या दोन गुरूंच्या ४, अशा एकूण ७ भरतात.

संगणक यांपैकी काहीच मोजत नाही. युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा समावेश आहे. तीत व्यंजनाला एक संकेतांक, काना, वेलांटी, उकार इत्यादी स्वरचिन्हांना प्रत्येकी एक, आणि पाय मोडण्याच्या हलन्त चिन्हालाही एक स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. त्यानुसार 'सणसवाडी' म्हणजे स, ण, स, व, काना, ड, दीर्घ वेलांटी असे ७ संकेतांक होत. मात्राही ७ आणि संकेतांकही ७, हा निव्वळ योगायोग आहे. शेजारच्या 'शिक्रापूर'मध्ये अक्षरे ४, मात्रा ७ आणि संकेतांक ९ आहेत. कारण 'क्रा' या एका अक्षरासाठी क, हलन्त चिन्ह, र आणि काना असे चार संकेतांक खर्ची पडतात.

संकेतांकाखाली आणखी एक पायरी आहे, ती बाइटची. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षर, अंक किंवा स्वल्पविराम एका बाइटमध्ये मावतो. देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला मात्र तीन बाइट लागतात. म्हणून 'सणसवाडी' २१ बाइटांचे आणि 'शिक्रापूर' २७ बाइटांचे होते. '४१२२०८' हा पिनकोड देवनागरी अंकांत लिहिल्यास १८ बाइट घेतो, इंग्रजी अंकांत लिहिल्यास ६.

प्रणालींची भिन्न उत्तरे

एवढे ध्यानात घेतले म्हणजे प्रणालींमधील मतभेद गूढ राहत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये 'लेंग्थ' हे फंक्शन बाइट मोजते व 'सणसवाडी'ला २१ हे उत्तर देते; तेथे संकेतांक हवे असल्यास 'कॅर_लेंग्थ' वापरावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्याच 'लेंग्थ' नावाचे फंक्शन ७ हे उत्तर देते आणि बाइटांसाठी 'ऑक्टेट_लेंग्थ' हे वेगळे फंक्शन असते. ओरॅकलमध्ये 'लेंग्थ' संकेतांक मोजते, तर 'लेंग्थबी' बाइट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'लेन' ७ सांगते. परंतु शब्दाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागा ते हिशेबात धरत नाही. एका प्रणालीवर लिहिलेली क्वेरी दुसरीवर जशीच्या तशी चालवल्यास ती चूक म्हणून थांबत नाही. ती निराळी संख्या देऊन पुढे जाते. धोका आहे तो यातच.

या फरकाचा पहिला फटका रकान्याच्या रुंदीला बसतो. ओरॅकलमध्ये अन्यथा सांगितले नसेल तर मजकुराच्या रकान्याची रुंदी बाइटांत धरली जाते. वीस रुंदीचा रकाना ग्रामनामासाठी पुरेसा वाटतो. परंतु पाच अक्षरांचे 'सणसवाडी' त्यात मावत नाही, कारण त्याला एकवीस बाइट लागतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल हीच रुंदी संकेतांकांत मोजतात, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. नाव नाकारले गेले तर निदान चूक लक्षात येते. पण माहिती भरणारा कारकून मर्यादेत बसवण्यासाठी नावच आखूड करू लागला, तर ती चूक कायमची नोंदली जाते.

दुसरा फटका मजकूर डावीकडून ठरावीक लांबीपर्यंत कापताना बसतो. 'शिक्रापूर'चा पहिला एक संकेतांक घेतल्यास 'श' उरतो, 'शि' नाही. पहिले चार घेतल्यास 'शिक्' असा पाय मोडलेला तुकडा हाती येतो. अक्षराच्या सीमा ओळखण्याचे नियम युनिकोडने स्वतंत्रपणे दिले आहेत. परंतु २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपर्यंत त्या नियमांनुसार जोडाक्षर एकसंध धरले जात नसे. जुन्या नियमाने 'शिक्रापूर'चे शि, क्, रा, पू, र असे पाच घटक होत. नव्या नियमाने ते चार होतात. मराठी वाचकाला जे उघड होते, ते नियमात उतरण्यास एवढा काळ लागला. वर सांगितलेली लांबीची फंक्शने आजही या नियमांच्या वाटेला जात नाहीत.

एकच शब्द, अनेक रूपे

गणनेतील आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. पुरंदर आणि बारामती तालुक्यांतून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचे नाव घ्यावे. त्यातील 'ऱ' साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहे; तो वापरल्यास नावाचे संकेतांक ५ होतात. तोच वर्ण 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येतो. मग ते ६ होतात. काही लेखक 'र', हलन्त चिन्ह आणि अदृश्य संयोजक यांच्या साहाय्याने तेच दृश्यरूप साधतात; तेव्हाही संख्या ६ च, पण आतील घटक निराळे. पडद्यावर तिन्ही नावे सारखी दिसतात. मात्र साध्या तुलनेत ती एकमेकांशी जुळत नाहीत. पहिली दोन रूपे प्रमाणीकरणाच्या क्रियेने एक करता येतात व पोस्टग्रेएसक्यूएलच्या १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन उपलब्ध आहे. तिसरे रूप मात्र या क्रियेने बदलत नाही. ते स्वतंत्र नियमाने बदलून घ्यावे लागते.

याच्या उलट 'शिरूर' आणि 'शिरुर' यांची लांबी सारखीच, म्हणजे ५ संकेतांक, परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदामुळे शब्द दोन. सारांश, लांबी जुळली म्हणून शब्द जुळतोच असे नाही, आणि लांबी जुळली नाही म्हणून शब्द वेगळाच असतो असेही नाही.

विभाजक चिन्हांची गणना

एखाद्या मजकुरात घटक किती, हे शोधण्याची एक सर्वपरिचित युक्ती आहे. मूळ मजकुराची लांबी घ्यावी. त्यातील सर्व विभाजक चिन्हे 'रिप्लेस' फंक्शनने काढून टाकावीत. उरलेल्या मजकुराची लांबी पहिलीतून वजा करावी. आणि वजाबाकीला विभाजक चिन्हाच्या लांबीने भागावे. उत्तर येते ती चिन्हांची संख्या. तीत एक मिळवला की घटकांची संख्या मिळते.

'सणसवाडी, ता. शिरूर, जि. पुणे' या मजकुरात २८ संकेतांक आहेत. स्वल्पविराम काढल्यावर २६ उरतात. फरक २, म्हणून घटक ३. बाइटांत मोजले तरी ६८ आणि ६६ यांतील फरक २ च येतो, कारण स्वल्पविराम एकाच बाइटचा आहे. या सुदैवामुळे शेवटचा भागाकार पुष्कळदा गाळला जातो. परंतु स्वल्पविरामाच्या जागी देवनागरी दंड घातल्यास तोच मजकूर ७२ बाइटांचा होतो, कारण दंड तीन बाइटांचा असतो. आता फरक ६ येतो, आणि भागाकार न केल्यास तीन घटकांच्या पत्त्यात सात घटक असल्याचे उत्तर मिळते. अंश आणि छेद एकाच एककात मोजावे, हा शालेय अंकगणितातील नियम येथेही तितकाच बंधनकारक आहे.

रिकाम्या मजकुराबाबत अधिक सावधगिरी हवी. चिन्हांची संख्या अधिक एक, या सूत्राने रिकाम्या रकान्यातही एक घटक असल्याचे उत्तर निघते. ओरॅकल तर रिकामा मजकूर आणि अज्ञात मूल्य यांत भेदच मानत नाही. त्यामुळे केवळ एका स्वल्पविरामाचा मजकूर दिल्यास वजाबाकीतील दुसरे पद अज्ञात ठरते व उत्तरही अज्ञात येते.

तुकडे पाडताना

प्रत्यक्ष विभाजनासाठी प्रणालींनी भिन्न मार्ग स्वीकारले आहेत. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीत 'स्ट्रिंग_स्प्लिट' आले. त्यात तुकड्यांच्या क्रमाची हमी नव्हती, ती २०२२ च्या आवृत्तीत क्रमांक देणाऱ्या वैकल्पिक घटकामुळे मिळू लागली. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मजकुराची मालिका करून तिच्या ओळी पाडता येतात, आणि ९.४ या आवृत्तीपासून प्रत्येक ओळीला तिचा क्रमांकही जोडता येतो. मायएसक्यूएलमध्ये 'सबस्ट्रिंग_इंडेक्स' दोनदा वापरून हवा तो घटक काढण्याची रीत रूढ आहे. ओरॅकलमध्ये नियमित पदावलीच्या साहाय्याने 'स्वल्पविराम नसलेला सर्वांत लांब तुकडा' पुनःपुन्हा शोधला जातो.

शेवटच्या दोन रीतींमधील दोष सांगितलेच पाहिजेत. मायएसक्यूएलच्या रीतीने दोनच घटक असलेल्या मजकुरातून तिसरा घटक मागितल्यास नकार येत नाही. दुसराच घटक पुन्हा दिला जातो. ज्या पत्त्यात जिल्हा लिहिलेलाच नाही, तेथे तालुका हाच जिल्हा म्हणून नोंदला जातो. ओरॅकलच्या रीतीत दोन स्वल्पविरामांमधील रिकामी जागा वगळली जाते. त्यामुळे पुढील सर्व घटक एकेक स्थान अलीकडे सरकतात. पत्त्यातील रिकामे स्थान निरर्थक नसते. 'येथे माहिती दिलेली नाही' हीही माहितीच असते.

विभाजक कोणता निवडावा, हा प्रश्न याहून मूलभूत आहे. जे चिन्ह मजकुरात स्वतःच्या अर्थाने येऊ शकते, ते विभाजक म्हणून चालत नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती आहे आणि रांजणगाव सांडसही आहे. निमगाव म्हाळुंगी आहे आणि निमगाव भोगीही आहे. रिकाम्या जागेपाशी तुकडे पाडल्यास या चार गावांची दोनच गावे होतील. स्वल्पविरामापाशी तुकडे पाडल्यास दुसऱ्या व तिसऱ्या घटकाच्या आरंभी एकेक रिकामी जागा उरते. ती 'ट्रिम' फंक्शनने काढली नाही तर 'ता. शिरूर' हा घटक स्वतःशीच जुळेनासा होतो.

युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठवलेल्या मजकुरात तर चिन्हाची ओळखच बदललेली असते. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ या संकेतप्रणालीत व्यंजनाला व स्वरचिन्हाला प्रत्येकी एक बाइट होता व 'सणसवाडी' ७ बाइटांत मावे. परंतु अनेक कार्यालयांत मजकूर या मानकाऐवजी फाँटच्या खाजगी संकेतांत साठवला गेला. 'कृतिदेव ०१०' या फाँटमध्ये 'ण' हे अक्षर पूर्णविरामाचे चिन्ह आणि काना यांच्या जोडणीने उमटते. म्हणून त्यात 'सणसवाडी' ८ चिन्हांचे होते व त्यांपैकी एक चिन्ह संगणकाच्या दृष्टीने पूर्णविराम असतो. त्याच फाँटमध्ये स्वल्पविरामाच्या जागी 'ए' हे अक्षर आहे आणि खरा स्वल्पविराम उजव्या चौकटी कंसाच्या जागी आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये न आणता स्वल्पविरामापाशी तोडल्यास 'एकनाथ' या नावाचे दोन तुकडे होतील : एक रिकामा आणि दुसरा 'कनाथ'. म्हणून रूपांतर आधी आणि विभाजन नंतर, हा क्रम कधीही उलटा करता कामा नये.

गट क्रमांक आणि हक्क

आतापर्यंतची उदाहरणे पत्त्यांची होती. चुकीची किंमत फार तर एक परत आलेले पत्र. जमिनीच्या नोंदींत ती किंमत वाढते. गट क्रमांक हे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या अधिनियमान्वये झालेल्या योजनेतून आले. ज्या गावांत ही योजना झाली तेथे जुन्या भूमापन क्रमांकांची जागा त्यांनी घेतली. एखाद्या दस्तऐवजात 'गट क्र. १२/अ, ब, १५ ते १८' असे लिहिलेले आहे, असे समजू. वाचणाऱ्या माणसाला यात सहा जमिनी दिसतात : १२/अ, १२/ब, १५, १६, १७ आणि १८. स्वल्पविरामावर चालणाऱ्या क्वेरीला तीनच तुकडे मिळतात. त्यांपैकी 'ब' हा तुकडा आपला क्रमांक गमावून बसतो आणि १६ व १७ या गटांचा उल्लेख कोठेच उरत नाही. फंक्शनने आपले काम निर्दोष केलेले असते. दोष एवढाच की, मागील घटकावर अवलंबून असलेला अर्थ चिन्हापाशी तोडला गेला. शिवाय '१५' हे देवनागरी अंक संख्या म्हणून वापरू पाहिल्यास पोस्टग्रेएसक्यूएल ते नाकारते. आणि मजकूर म्हणून क्रम लावल्यास '१०' हा '२' च्या आधी येतो.

धारकांच्या नावांबाबतही असेच आहे. एका गटाचे पाच सहधारक एकाच रकान्यात स्वल्पविरामांनी लिहिले, तर 'या गटाचे धारक कोण?' याचे उत्तर सहज मिळते. परंतु 'या धारकाच्या जमिनी कोणत्या?' असे विचारताच प्रत्येक ओळीतील मजकूर फोडावा लागतो. विभाजनात एक नाव गळाले तर यादीतून एक शब्द कमी होतो एवढेच नव्हे, तर एका वारसाचा हक्क त्या उत्तरापुरता नाहीसा होतो.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. प्रत्येक रकान्यात एका ओळीसाठी एकच अविभाज्य मूल्य असावे, हा त्यातील पहिल्या प्रसामान्य रूपाचा नियम याच अडचणीवरचा उपाय आहे. गट आणि धारक यांचा संबंध स्वतंत्र तक्त्यात, प्रत्येक जोडीला एक ओळ देऊन ठेवला, म्हणजे दोन्ही दिशांनी प्रश्न विचारता येतो व फोडाफोडीची गरजच उरत नाही. महसुली दप्तराला ही गरज संगणकाच्या पुष्कळ आधी जाणवलेली दिसते. गाव नमुना सात जमिनीनुसार आहे : या जमिनीचे धारक कोण, हे तो सांगतो. गाव नमुना आठ-अ खातेदारानुसार आहे : या खातेदाराकडे कोणत्या जमिनी, हे तो सांगतो. एकाच संबंधाची ही दोन दर्शने असून, त्यांतील बदलांची नोंद फेरफाराच्या नमुना सहामध्ये होते. कागदावर ही दोन्ही दर्शने हाताने जुळती ठेवावी लागत. सुरचित डेटाबेसमध्ये एकाच तक्त्यातून दोन्ही काढता येतात. स्वल्पविरामांनी जोडलेल्या यादीत मात्र यांपैकी एकच दर्शन उरते.

उपसंहार

व्यवहारात जोडलेला मजकूर पूर्णपणे टाळता येत नाही. जुन्या फायली आणि भरलेले अर्ज त्याच रूपात येतात. अशा वेळी पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम मजकूर युनिकोडमध्ये आणून त्याचे प्रमाणीकरण करावे. नंतर लांबी कोणत्या एककात हवी हे ठरवून त्या एककाचे फंक्शन नावानिशी निवडावे. विभाजनापूर्वी चिन्हांची गणना करावी आणि विभाजनानंतर मिळालेल्या ओळींची संख्या तिच्याशी ताडून पाहावी. जेथे मेळ बसत नाही त्या ओळी माणसाने वाचाव्यात. प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा क्रमांक व मूळ मजकूर जतन करावा, म्हणजे झालेली चूक पुढे शोधता येते. आणि एकदा विभागलेली माहिती पुन्हा जोडून न ठेवता स्वतंत्र तक्त्यात ठेवावी.

तात्पर्य असे की, गणनेचे एकक आणि विभाजनाचा संकेत या दोन्ही गोष्टी मजकुरात आपोआप वसत नाहीत. मजकूर लिहिणारा त्या गृहीत धरतो आणि क्वेरी लिहिणाऱ्याला त्या ओळखाव्या लागतात. 'सणसवाडी'ची लांबी पाच, सात, आठ, दहा किंवा एकवीस, यांपैकी कोणतीही असू शकते. कोणती संख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ज्याला सांगता येते, त्याच्याच हाती सातबाऱ्यावरील नावे सुरक्षित राहतात.